गुडघ्यांना केंद्राची मंजुरी

४ जून, लोअर हट, न्यूझीलंड
अक्षरओळख नाही, म्हणून रोजनिशी फोनला सांगते. तो सगळं लिहितो, फक्त मान डोलवत नाही.
सून संपदा वेलिंग्टनला आरोग्याच्या ऑफिसात आहे. जेवताना म्हणाली, अमेरिकेत गरिबांच्या औषधपाण्याची योजना केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. राज्याला वेगळं काही करायचं असेल तर केंद्राला अर्ज: काही वर्षं नियमातून सूट द्या, प्रयोग करतो, तुमचा खर्च वाढणार नाही. आधी लोकांना विचारायचं, शेवटी निकाल दाखवायचा.
लगेच पटलं. या घरात केंद्र संपदा, राज्य मी. केंद्राचा नियम: गुडघ्याला गोळी, फिजिओ आणि घरचा व्यायाम. राज्याला हवा गरम पाण्याचा पूल. सगळे कामाला गेल्यावर भिंतींशी किती बोलायचं?

५ जून
जनतेचं मत घेतलं. जनता म्हणजे शेजारच्या बेबीताई आणि राजाभाऊ. गुडघे माझ्यासारखेच कुरकुरे. आधी श्रीखंड वाढलं, मग विचारलं. तोंडं भरलेली. विरोध शून्य.

८ जून
तिघांचा अर्ज तोंडी सादर. फिजिओ थांबवा, तेवढ्याच पैशात पूल बसतो, म्हटलं. संपदा म्हणाली, आई, तुम्हाला आमच्या ऑफिसात घेतील. मंजूर! अट एकच: फरक कळायला तिघांतल्या एकानं पूलला न जाता घरी राहायचं. कोण, ते चिठ्ठ्या टाकून. मी म्हटलं, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत झकास.

९ जून
चिठ्ठ्या कसल्या, मला वाचता कुठे येतं. झाकल्या वाटीत दोन वेलदोडे, एक लवंग. लवंग येईल तो घरी. माझ्या बोटांनाच कळतं काय काय आहे ते. त्यामुळे काळजी नाही. नात अबोलीनं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे आणले, गुडघ्यापर्यंतचे. आरशात बघितलं. अबोलीच्या भाषेत हीप्स, म्हणजे खूपच शोभतात.

१० जून
वाटी फिरवली. घरी आलेल्यांना आधी, ही रीत. बेबीताईंपुढे धरली. राजाभाऊंपुढे धरली. मग माझा हात घातला, तर निवडायला एकच उरलेलं.
लवंग चघळली. दातांना चांगली असते.

१ जुलै
निकालाचा दिवस. बेबीताई जिना धडाधड चढतात. राजाभाऊ पूलवर दिसेल त्याला किया ओरा, इथला माओरी नमस्कार, म्हणतात, म्हणे तिथे आता त्यांच्या ओळखी खूप. संपदानं केंद्रातर्फे जाहीर केलं: प्रयोग यशस्वी, सहा महिने मुदतवाढ.
मी विचारलं, मग आता माझी पाळी ना?
म्हणाली, आई, तुम्ही घरी होतात म्हणून तर फरक कळला. तुम्हालाही मुदतवाढ.