बांधावर रोवलेलं फावडं

१२ सप्टेंबर, सोमवार

कप्तान ल्यूब्स आज दारात, हातात बटर केक. अख्खं ताट! आमच्याकडे हा केक लग्नाला करतात, नाहीतर मयताला. मी विचारलं, "कोण गेलं?" तर म्हणाला, "अजून कोणी नाही, थोलेबाई." आणि हसला.

इतकी वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहतोय आम्ही. या माणसानं मला कधी बटाट्याची साल दिलेली नाही. आज केक? उभा जन्म मी मासळी-बंदरात लिलावाआधी माशांचे कल्ले उघडून वास घेतला. वरून चकचकीत, आतून गेलेलं — मला लांबून कळतं. या केकला वास येतोय.

तीन तुकडे खाल्ले. चव चांगली होती, हेही लिहून ठेवते.

१४ सप्टेंबर, बुधवार

ल्यूब्सच्या बागेत अनोळखी माणूस. तिपाई, दुर्बीण, लाल-पांढरी काठी. आमच्या दोघांमधली हद्द मोजत होता!

"कुणासाठी मोजताय?"

"मला सांगायची परवानगी नाही, बाई."

नसणारच!

१५ सप्टेंबर

झोप नाही. बंदराच्या कंपनीला ही गल्ली हवी आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टोकाचं घर त्यांनी मागच्या वर्षीच घेतलं. उरलो दोघं — मी आणि ल्यूब्स. त्यानं विकलं की मी एकटी, मागे समुद्रबांध आणि पुढे त्यांच्या क्रेन.

या गावाचं हे असंच. वेझर नदीनं गाळ आणून आणून ब्रेमेनचं बंदर बुजवलं, म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी इथे मुखाशी दलदल विकत घेतली आणि त्यावर ब्रेमरहाफेन उभं केलं. आधी इथून माणसं पाठवली, अमेरिकेला, जहाजं भरभरून. मग मासळी आणली. आइसलँडनं आपल्या समुद्रात परक्या बोटींना बंदी केली, मासळी संपली. जहाजांचे कारखाने बंद पडले. आता फक्त पेट्या! कंटेनरच्या लोखंडी पेट्या, आभाळापर्यंत. दर वेळी नवा धक्का, दर वेळी 'हा शेवटचा'. जहाजं मोठी होतात म्हणून नदी आणखी खोल खरवडायची. मग भरती आणखी जोरात आत येते, आणि माझ्या तळघराच्या भिंतीवर मीठ फुटतं. त्याचं कोणाला काय!

आमच्या दारासमोर पकडलेली कोळंबी सोलायला मोरोक्कोला जाते आणि सोलून परत आम्हालाच विकायला येते. याला म्हणे अर्थशास्त्र म्हणतात. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर एडिल्ट्रूडिसनी एकदा वेझरची हुन्टे ही एक उपनदी विसरले म्हणून मला पट्टीनं मारलं होतं. या लोकांना त्या कुठे भेटल्याच नाहीत.

१९ सप्टेंबर, सोमवार

कंपनीचा क्नूस्ट आला. पॉलिश केलेले बूट, आणि बांधावरून येताना त्यांना मेंढ्यांच्या लेंड्या लागलेल्या. देव आहे!

"तुमच्या शेजाऱ्यांकडूनही काही अडचण येईल असं वाटत नाही," म्हणाला.

"शेजारी एकच आहे. नाव घेऊन बोला."

नाव घेतलं नाही. नुसता हसला. वर, "एकटंच घर उरलं की त्याला भाव राहत नाही, बाई. मी आपला काळजीनं सांगतो."

काळजीनं! कॉफी विचारली नाही.

२१ सप्टेंबर

आज कुंपणावरून सरळच विचारलं. "कप्तान, विकताय का?"

तो सफरचंदं गोळा करत होता. वाकला तसा खोकला आला, बराच वेळ. मग म्हणाला, "थोलेबाई, तुम्ही आयुष्यात कधी कुणावर विश्वास ठेवलाय का?"

"ठेवलाय. देवावर. आणि त्याच्यावरही लक्ष ठेवून असते."

"मग माझ्यावरही ठेवा," म्हणाला आणि आत गेला. 'हो' नाही की 'नाही' नाही. सज्जन माणसाला 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

२४ सप्टेंबर, शनिवार

गेला!! सकाळी त्याची भाची इम्के ओल्डेनबुर्गहून गाडी घेऊन आली. दोन बॅगा. चांगला कोट, टगबोटीवरची जुनी टोपी. माझ्या खिडकीकडे पाहिलं. हात नाही केला. (मीही नाही.)

आणि त्याच्या बागेमागे, बांधाच्या पायथ्याशी — फावडं. उभं. मातीत रुतवलेलं.

२५ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये लक्ष लागलं नाही. डोळ्यांसमोर ते फावडं.

मी आतल्या मुलखातली, कॅथलिक, या लोकांच्या लेखी आजही पाहुणी. पण फावड्याचा कायदा मलाही माहीत आहे. पूर्वी ज्याची जमीन, त्यानंच बांधाचा आपला तुकडा राखायचा. ज्याला झेपेना, तो बांधात फावडं रोवून निघून जायचा. जो ते उपटेल, त्याचं घर, त्याची जमीन आणि बांधही त्याच्याच गळ्यात. कायदा कधीच गेला, पण आजही इथे उभ्या फावड्याला कोणी हात लावत नाही. पोरंसुद्धा वळसा घालून जातात.

म्हणजे उघडउघड जाहीर करून गेला — सोडलं! आणि उपटायला कोण येणार? क्नूस्ट, लेंडीच्या बुटांनी. फोटोसुद्धा काढून घेईल.

जेवणानंतर गेले आणि उपटलं. दोन्ही हातांनी, भर दुपारी. कंपनीसाठी उभं ठेवायला मी काय त्यांची माळीण आहे? कोंबड्यांच्या खुराड्यामागे फेकून दिलं.

२७ सप्टेंबर

क्नूस्टला फोन केला. विकते म्हटलं. ल्यूब्सच विकतोय, तर मी कुणासाठी दात-ओठ खात बसू? सहा तारखेला, गुरुवारी, नोटरीकडे सह्या. त्याच्या आवाजात लोणी.

फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून कांदा चिरला. कांदा नको होता.

२९ सप्टेंबर

बांधाची शरद ऋतूतली पाहणी. दर वर्षीसारखी सगळी मंडळी रबरी बूट घालून, उंदीर-घुशींची बिळं शोधत. ल्यूब्सच्या घरामागे थांबली. बांधप्रमुख म्हाताऱ्या टॅन्त्सेननं विचारलं, "इथलं फावडं कुणी काढलं?"

"मी!" म्हटलं. "काय म्हणणं आहे?"

मग टॅन्त्सेननं टोपी काढली आणि माझा हात हातात घेऊन हलवला. "अभिनंदन, थोलेबाई." मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, बाईंनी उपटलं!" आणि हशा.

थट्टा करतात. बाहेरचीची थट्टा, दुसरं काय! तशीच घरी आले.

४ ऑक्टोबर, मंगळवार

इम्केची गाडी. मामाच्या घरातून सपाता आणि रेडिओ नेला. माझी बेल वाजवली. उघडलं नाही. कसली सारवासारव करायला आलीय, मला ऐकायची नाही.

५ ऑक्टोबर, बुधवार

इम्के पुन्हा आली आणि मी दार उघडेपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. ल्यूब्स ब्रेमेनच्या इस्पितळात आहे. फुप्फुसं. बरं व्हायचं नाही. क्नूस्टला त्यानं उन्हाळ्यातच हाकललं होतं. मोजणी नोटरीसाठी होती — घर माझ्या नावावर करायला.

"मला का नाही विचारलं?"

"मामा म्हणाला, विचारलं तर नाही म्हणेल. फावडं ठेवू, ते तिला कळतं. मला रोज विचारायचा, 'उपटलं असेल का तिनं?' टॅन्त्सेननं कळवलं तेव्हा खोकला येईपर्यंत हसला, बाई. म्हणाला, 'घेतलं तिनं! आता ते लोक गल्लीला हात लावत नाहीत.'"

रागानं उपटलं होतं. हे त्याला कळता कामा नये. कधीच.

उद्याच्या सह्या रद्द. क्नूस्ट फोनवर ओरडत होता, मी रिसीव्हर ओट्यावर ठेवून दिला. खुराड्यामागून फावडं आणलं, धुतलं, तेल लावून दाराशी उभं केलं. सकाळच्या गाडीनं ब्रेमेन.

त्याच्यासाठी काय न्यावं? सफरचंदं नेते, त्याच्याच झाडाची. केक नाही. केक अजिबात नाही.