कुन-हाईच्या अकरा हजार फोटोंची वाटणी

मी, श्यू युए-चियाओ, कै. त्साई कुन-हाई यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार बुदाई, धंदा कालवं सोलणे, हे स्वतःच्या हाताने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. दबाव कोणाचाही नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा पो-हान याला. कालवं सोलायचा सुरा मात्र नणंद शिउ-क्वेई हिला. पो-हानला तो धरताही येत नाही.

२. यजमानांनी बारा वर्षांत मोबाईलवर अकरा हजार फोटो काढले. कालवांचे तराफे, ओहोटीची खाडी, मासळीच्या पेजेचे वाडगे, सोलायला बसलेली माझी पाठ. ते क्लाउडवर असत, महिन्याच्या वर्गणीवर. यजमान गेल्यावर पो-हान म्हणाला, "आई, फोटो मोबाईलमध्ये दिसतायत ना? मग वर्गणी कशाला?" त्याने ती बंद केली आणि जागा व्हावी म्हणून मोबाईलमधले फोटो पुसले. मोबाईलमध्ये दिसत होत्या त्या नुसत्या लहान प्रती. इथे पुसलं ते क्लाउडवरही पुसलं गेलं. पुसल्यापासून सव्विसाव्या दिवशी यजमानांना बघायला मोबाईल उघडला, तर आत काहीच नाही. पुसलेले फोटो तीस दिवसांनी कायमचे जातात.

३. शिउ-क्वेईचं काओश्युंगला फोटोचं दुकान आहे. सासूबाईंचं कोणी किती केलं, यावरून आम्ही सहा वर्षं बोलत नव्हतो. तरी मी फोन लावला.

"वहिनी, आधी रडणं थांबव. वर्गणी परत चालू कर. कशाला हात लावू नकोस. मी निघाले."

ती पाच दिवस राहिली. क्लाउडच्या कचरापेटीतले फोटो परत आणले, सगळे उतरवून दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवले. "उतरले म्हणजे झालं असं नसतं गं, उघडून बघ," म्हणत प्रत्येक वर्ष माझ्याकडून उघडून घेतलं. तेव्हाच सापडलं: त्या सहा वर्षांत दर नववर्षाला यजमान गुपचूप काओश्युंगला गेले होते. फोटोत दुकानाच्या दारात बहीण, हातात आमच्या कालवांची पिशवी. मला म्हणायचे, जाळी आणायला चाललोय.

"तुला सांगायची त्याची हिंमत नव्हती," ती म्हणाली. मी भांडायला तोंड उघडलं आणि रडू कोसळलं.

४. एक डिस्क पो-हानला, एक शिउ-क्वेईला. दोघांनी आपापली डिस्क उघडून, मोजून, एकमेकांना फोन करावा. त्यानंतरच वर्गणी बंद करावी. पो-हान, तुझ्यावर राग नाही, पण घाई करू नकोस.

५. वाटा मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. म्हणून शिउ-क्वेईची सही खाली नाही. ती कचेरीबाहेर बाकावर बसली आहे. सही झाली की आम्ही दोघी घरी जाऊ.

हे वाचून पाहिलं, बरोबर आहे.

सही: श्यू युए-चियाओ
साक्षीदार: चुआंग वान-फू, शेजारी; लू त्सुई-यिन, देवळाच्या कारभारी
बुदाई, १४ नोव्हेंबर २०२४