सोमवारचा घाणा

५ फेब्रुवारी १९४४, शनिवार

काडी मोडली. सोमवारी पंचांपुढं सोडचिठ्ठी झाली. आता शरणप्पाचं नाव घ्यायला हरकत नाही, म्हणून मुद्दाम लिहून पाहिलं. काही झालं नाही!

वाटणी अशी — तेलाचा घाणा त्याला, घाण्याचा बैल मला. मुख्य पंच महांतप्पा, भूमचे कापडवाले. त्यांनी चांद्याचे दात पाहिले, पाठ चाचपली. शरणप्पा म्हणाला, "औतालाबी चालतोय." ते म्हणाले, "मग पोरीचं भागंल." मलाही वाटलं, बैल तो बैल.

आता ईट गावी मामांच्या पडवीत आम्ही दोघं, चांद्या आणि मी.

८ फेब्रुवारी, मंगळवार

हणमंतप्पामामांनी चांद्याला आपल्या बैलाबरोबर औताला जुंपलं. चार पावलं सरळ गेला आणि वळला. दुसऱ्यालाही ओढत गोल, गोल. मामा बांधावर बसून हसले. मला हसू आलं नाही. डोळ्यांना झापड लावून घाण्याभोवती फिरण्यात त्याचा जन्म गेला, त्याला सरळ रस्ता कुठून ठाऊक?

असला बैल घेणार कोण? मामी वैरणीकडं बघते, मग माझ्याकडं.

९ फेब्रुवारी

चूक सापडली. पंच बसले सोमवारी! सोमवारी आमच्यात नंदीला जुंपत नाहीत. चांद्या दावणीला नवरदेवासारखा नुसता उभा. त्याची चाल पंचांनी पाहिलीच नाही. आणि शरणप्पा धडधडीत खोटं बोलला. हा फैसला मी मोडून घेणार.

१३ फेब्रुवारी, रविवार

मामा म्हणतात, "पंचांचा फैसला मोडायचा म्हंजी सोपं न्हाय. बेलभंडारा उचललाय." खोटं बोलून उचललेला बेलभंडारा कसला?

मामी म्हणाली, "गपगुमान नांदायला जा. बैलबी तुझा, घाणाबी तुझा."

जाणार नाही. चांद्यावरचा आसूड माझ्यावरही पडायचा. पंचांनी त्याची पाठ चाचपली, माझी नाही.

२० फेब्रुवारी

मामांबरोबर भूमला. हरभरा निघालेल्या महांतप्पांच्याच रानात चांद्याला जुंपून दाखवलं. गोल उमटला. महांतप्पा त्या गोलावरून चालून आले. "ह्यो फैसला चुकला आमचा," म्हणाले. पंच पुन्हा बसणार. सोमवार सोडून!

२६ फेब्रुवारी, शनिवार

पहिली वाटणी रद्द!

पण पुढं ऐक. शरणप्पाचा नवा बैल फिरत नाही, घाणा बंद पडलाय. म्हणून गडी गोड झालेला. पंच म्हणाले, "घाणाबी एक, बैलबी एक. काडी जोडा, नांदा." सगळ्यांनी माना हलवल्या. मामांनीही.

मी उभी राहिले. "वाटणी मोडा. काडी मोडलेलीच ऱ्हाऊ द्या."

शरणप्पा हसला. "घाणा माझ्या घरात हाय. बैल तितंच ऱ्हाऊ द्या, वैरण मी घालतो. सहा दिवस माझं. हिला सोमवार द्या." मंडळी खो खो हसली.

महांतप्पा तेवढे हसले नाहीत. "सोमवार घेतीस, का नांदायला जातीस?"

"सोमवार."

सोमवार कायमचा हिचा, म्हणून शरणप्पानं हौसेनं बेलभंडारा उचलला. मी गाडीत रडले. हट्टापायी बैलही घालवला असं वाटलं.

२८ फेब्रुवारी, सोमवार

सोमवारी नंदीला जुंपू नये. बाईला जुंपू नये असं कुणी सांगितलेलं नाही.

घाण्याच्या लाटेला, बैल ओढतो त्या दांड्याला, मी खांदा लावला. मठाजवळची चन्नम्मा आली. मग मामी — आपणहून. "माज्या खांद्याला काय झालंय?" करडईचं तेल थोडकंच निघालं. खांदे सोलले. चांद्या रवंथ करत आमच्याकडं बघत होता. शरणप्पा ओट्यावर बसून हसत होता, पण आसूड खुंटीलाच होता.

१३ मार्च, सोमवार

मठातून निरोप आला. नंदीला न राबवता काढलेलं तेल समईला हवं. दर सोमवारी.

२० मार्च

बायका करडई घेऊन दारात बसलेल्या. मंगळवारी काढून देतो म्हणून शरणप्पानं आर्जवं केली. "न्हाय, आमाला सोमवारचंच पायजे." देवाला जे चालतं तेच घरात हवं. लाटेला आता खांदे कमी पडत नाहीत.

२७ मार्च, सोमवार

शरणप्पा भूमला गेलाय. फैसला मोडून मागायला.

सकाळीच महांतप्पांच्या घरून रिकामी बुधली आली. सोमवारच्याच तेलानं भरून द्या म्हणून.