आदल्या संध्याकाळचा फोन

२ फेब्रु., रवि.
अंबरनाथला कट्टा. कॅन्सरवाले आम्ही सात जण, समुपदेशक मॅडम आणि भरपूर वडापाव. आज नवा आला. सुयोग, एकवीस, मोरिवलीचा. हळदीत बेंजो वाजवायचा. केमोने बोटं बधिर झाली, तेव्हापासून बेंजो कपाटावर. तासभर नुसतं "हं".
आमचा नियम: ज्याची केमो, त्याला आदल्या संध्याकाळी एकाने फोन करायचा. आजाराचा विषय बंद. यादी मीच करते. सुयोगला माझ्याकडेच घेतलं. बडबडीचा माज, दुसरं काय!

६ फेब्रु., गुरु.
फोन केला. बदलापूर गावातली सगळी भांडणं सांगून झाली, आमच्या मांजराची बाळंतपणंसुद्धा. त्याचे "हं" अकरा. मोजले. वैतागून मॅडमना सांगितलं. "उचलतोय ना? मग करत राहा."

२० फेब्रु., गुरु.
मामेभावाची हळद! नाचता नाचता आठवलं, सुयोगची उद्या केमो. मांडवातूनच लावला. ओरडून सांगितलं, "हळदीत आहे रे!" तिकडून नेहमीचं "हं". ठेवणार तेवढ्यात—
"ताई, तो बेंजोवाला चुकतोय. अंतऱ्याला दर वेळी घाई करतो."
पूर्ण दोन वाक्यं!! मी टुणकन उडीच मारली. मामीला वाटलं नाचतेय. "नाच गो पोरी, किती दिसांनी नाचतंस!" म्हणत रडायलाच लागली. मग मीही. सुयोग अर्धा तास फोनवर, एकेक चूक काढत.

२ मार्च, रवि.
बेंजो घेऊन आला! बोटांना स्पर्श कळत नाही, म्हणून बघून बघून वाजवतो, हळदीतलंच ते गाणं. तीनदा अडला. चौथ्यांदा अंतऱ्याला स्वतःच घाई केली.
"चुकलास," मी म्हटलं. पहिल्यांदा हसला. सगळे नाचलो, मॅडमसुद्धा. खुर्ची मोडली एक.

६ मार्च, गुरु.
माझी ट्रीटमेंट संपून सहा महिने. उद्या स्कॅन. यादीत माझं नाव घालायचं राहिलं. राहिलं कसलं, घातलंच नाही. स्कॅनसाठी कोण फोन करतं? घरात सगळ्यांना हसून दाखवलं. भीती वाटतेय, खूप.
सातला फोन. सुयोग. मॅडमकडून कळलं म्हणे.
"ताई, आज तुम्ही नका बोलू."
आणि वाजवायला लागला. तेच गाणं. मी श्वास धरून अंतऱ्याची वाट बघत बसले. आला. अजिबात घाई नाही. डोळे भरले.
"ताई? ऐकताय ना?"
"हं."