पडद्यामागचा भाता

सातारा,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. शांतवनास,

प्रभूमध्ये सलाम. सांगलीत सगळे खुशाल असतील. इथं आई बरी आहे. सकाळी उन्हात बसते, भाकरी दुधात कुस्करून खाते.

रविवारच्या समारंभासाठी काढलेल्या इथल्या चर्चच्या स्मरणिकेत तू लिहिलेला ‘आपल्या पाइप ऑर्गनचा इतिहास’ वाचला. धन्य आहेस. विलायतेहून पेट्या आल्या, स्टेशनवरून बैलगाड्यांत चढल्या, हे असं लिहिलंयस की जणू कासरा तुझ्याच हातात होता. नळ्या चिंचेनं घासून चकचकीत केल्याबद्दल तुमच्या कमिटीचं कौतुक अर्धं पान. त्या घासण्यात दोन नळ्या चेपल्या आणि तेव्हापासून मांजरासारख्या ओरडतात, ते मात्र इतिहासात बसलं नसावं.

आणि हे काय? ‘माझे वडील अप्पा यांनी एकट्याने चाळीस वर्षे ऑर्गन वाजवला.’ एकट्याने? निवृत्त प्राचार्य ना तू? हवेशिवाय नळी वाजत नाही, एवढं तरी पोरांना शिकवलंस का? हवेची मोटर बसेपर्यंत दर रविवारी आई पडद्यामागं उभी राहून भाता मारायची. अप्पांनी पाय आपटला की दांडा खाली-वर, शेवटच्या आमेनपर्यंत. तू तान्हा होतास तेव्हा तुला पाठीशी बांधून मारायची. तिचा उजवा खांदा अजून खाली झुकलेला आहे. आणि हरणाबाई हे नाव तुझ्या इतिहासात एकदाही नाही.

अप्पांचा फोटो छापलास. मूळ फोटो माझ्या भिंतीवर आहे. त्यात पडद्याच्या कडेला आईचं कोपर दिसतं. ते तू कापलंस. माण तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्यांची पोर, भाता मारणारी, ही प्राचार्यसाहेबांची आई, हे पाहुण्यांना कळलं तर तुझी अब्रू जाणार होती. मला तुझी लाज वाटते, शांतवन.

इथंच थांबणार होते. पण आईनं मला सगळं वाचून दाखवायला लावलं. कानामागं हात धरून ऐकत होती. शेवटी विचारलं, “भात्याचं काय लिवलंय का गं?”

मी म्हटलं, “पुढच्या पानावर असेल.” पुढच्या पानावर सोनाराची जाहिरात होती.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, “आसू दे. त्यो ल्हान हुता तवा. पाठीवर झोपायचा. त्येला कुठनं दिसनार?”

तिनं तुझी बाजू घेतली. मी घेणार नाही.

काल पाळकसाहेब सांगून गेले, हवेची मोटर जळाली, रविवारच्या समारंभाला कीबोर्ड आणू. मी नको म्हटलं. जुना दांडा शाबूत आहे, चर्चची देखभाल करणाऱ्या बिरदेवनं त्याला तेल घातलंय. वाजवायला मी बसेन. भाता तू मारायचास. खुशाल सुटाबुटात ये, पडद्यामागं कोण बघतंय? आई पहिल्या बाकावर बसेल.

पहिलं गीत लांबलचक निवडलंय. मी पाय आपटला की सुरू कर.

हरणाबाईची लेक, आणि म्हणूनच अजून तुझी ताई,
दीपमाला