कर्ण्याच्या झाडाला पाणी

आई, झाड जिवंत आहे गं! आज सकाळी नखानं खोड जरासं खरवडलं, तर आत हिरवंगार. एकटीच हसत बसले. तुझंच झाड, परळच्या चाळीत गॅलरीत डालड्याच्या डब्यात होतं ते. सभेला खांबावर कर्णे बांधायचे तशी पिवळी फुलं, म्हणून आम्ही पोरं त्याला कर्ण्याचं झाड म्हणायचो. त्याची फांदी मी सासरी लालबागला लावली. आता ती इमारत पाडली, तेव्हा एक फांदी नातीकडे घेऊन आले, या डोंगरावरच्या गावात. तिची बँकेतली नोकरी ना. एवढंच उरलंय आता तुझं झाड, बाकी कुठं नाही. आणि इथली थंडी अशी, की बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. दिवाळीनंतर सगळी पानं गळाली. नातीनं कुंडी घरात खिडकीशी आणली आणि मलाच दम भरला, "आजी, आता पाणी बंद. थंडीत ते झोपतं. पाजत बसलीस तर मुळं कुजतील." म्हटलं, "बाई गं, उपाशी ठेवायचं त्याला?" तर म्हणते, "तांब्या लपवून ठेवीन हं!"

तिला काय ठाऊक तांब्याचं. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. बाबा मोर्चाला गेलेले आणि नाक्यावरून गोळीबाराची बातमी आली. चाळीतले बाकीचे पुरुष परतले, बाबा नाहीत. तू रडत नाहीस. मोरीतून तांब्या भरतेस, झाडाला ओततेस, जिन्याकडे बघतेस, परत मोरीत. मी विचारते, "बाबा कधी येणार?" तू वसकन अंगावर येतेस, "तोंड मीट! हाताला काम घे काहीतरी." मग मीही पेला भरून ओतायला लागते. डबा वाहतो, पाणी खालच्या गॅलरीत. खालची मालवणी काकी ओरडते, "वैनी गो, झाडाक न्हाऊक घालतंस? माझे पापड भिजले!" आणि भांडायलाच वर येते. तुझं तोंड बघते. तुझ्या हातातला तांब्या घेते, भरून आणते आणि परत तुझ्याच हातात देते. तिन्हीसांजेला बाबा आले, एका पायात चप्पल. तू एवढंच विचारलंस, "दुसरी कुठाय?" आणि मग मोरीत जाऊन किती वेळ तोंड धूत राहिलीस.

तेव्हापासून माझंही तेच झालंय बघ. पोरांच्या परीक्षा, ह्यांचं ऑपरेशन, जीव थाऱ्यावर नसला की मी आपली झाडाला पाणी घालणार. मुंबईच्या उकाड्यात ते खपून गेलं. इथं नाही खपत. हिवाळाभर मी या काटकीसमोर हात चोळत बसले, उठले, परत बसले. आज हिरवं दिसलं तर आणखीच चैन पडेना. नातीला फोन केला. ती म्हणाली, "शाब्बास! पण अजून पाणी नाही हं. पालवी फुटू दे." आता पालवी कधी फुटायची? ती कामावर, घरात मी, काटकी आणि भरलेला तांब्या.

म्हणून हाताला काम घेतलं, हे पत्र. चौथीपर्यंत शिकलेली मी, एवढं कधी लिहिलं नव्हतं. टाकणार तरी कुठं? राहील इथंच, कुंडीशेजारी. तांब्या अजून भरलेलाच आहे, तुझी शपथ. फक्त एक बोट बुडवून खोडाला लावलं. तेवढं नातीला कळू देऊ नकोस.