जिन्याखालची सायकल

सूनबाई,

तू उठेपर्यंत मी आईला घेऊन दवाखान्यात गेलेला असेन. सायकल दुरुस्त करून दारात लावली आहे. आता बससाठी थंडीत कुडकुडत उभी राहू नकोस.

आपला पोरगा गेल्यापासून ती जिन्याखाली तशीच पडून होती. सायकलवाला म्हणाला, भंगारात द्या. मला त्यालाच भंगारात द्यावंसं वाटलं. मग घरीच बसून चेन आणि टायर बदलले. ब्रेकचे रबरही नवे आहेत, पण सकाळी रस्ता दवाने ओला असतो, वळताना जपून. अंधार लवकर पडतो म्हणून पुढे दिवा बसवलाय. सीट तुझ्या उंचीला आणली आहे. दांडीवर त्याच्या मापाची खूण दिसेल, ती पुसू नकोस.

आता घंटीचं. काल तपासायला म्हणून मी ती दोनदा वाजवली. आई आतल्या खोलीतून उठली, चहाचं आधण ठेवलं आणि त्याचा कप काढला. मी तो चहा प्यालो आणि घंटी काढून खिशात टाकली.

आज उठल्या उठल्या तीच म्हणाली, "घंटी लावा परत. पोरगी गारठून येणार, तिलाही चहा लागेल." म्हणून लावली आहे.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आलीस की वाजव. पण एकदाच वाजव. दोनदा तो वाजवायचा.

बाबा